आता सोडून काय उपयोग?
(हृदयविकाराचे निदान झालेल्या विडी ओढणाऱ्यांविषयी एक अभ्यास)

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

संस्कृतमध्ये ‘व्यसन’ या शब्दाचा एक अर्थ ‘संकट’ असा आहे. मराठीत आपण तो शब्द जडलेल्या वाईट सवयीसाठी वापरतो. पंचवीस-तीस वर्षे विडी ओढलेल्या माणसाला डॉक्टर ज्या दिवशी ‘तुम्हाला हृदयविकार आहे’ असे सांगतात, त्या दिवशी या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

‘धूम्रपानाचे दुष्परिणाम’ या विषयावर शाळेत आपण सर्वांनीच निबंध लिहिले आहेत. पण ते सर्व निबंध ज्याने अजून विडीला हात लावलेला नाही त्याच्यासाठी असतात. ज्याने आयुष्यभर ओढली आणि ज्याला आता आजार जडला, त्याने पुढे काय करावे, याविषयी त्या निबंधांत एकही ओळ नसते. असा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो : ‘व्हायचं ते होऊन गेलं, आता सोडून काय उपयोग?’ हा प्रश्न वरवर पाहता अगदी बरोबर वाटतो. तो बरोबर आहे की नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. विडीचा मुलूख

विडी ही आपल्याच मुलखाची वस्तू होय. तिचा तंबाखू निपाणीकडचा, तिचे पान गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या जंगलांतील टेंभुर्णीचे, आणि ती वळणारे हात आपल्या जिल्ह्यातील सिन्नरचे किंवा सोलापूरचे. त्यातही बहुतेक बायांचे. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली भावासाठी मोठे आंदोलन केले व त्यात गोळीबारात शेतकरी प्राणास मुकले. विडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला. हजारो चुली या धंद्यावर पेटल्या आहेत. तेव्हा विडीविषयी लिहिताना ती पिकविणाऱ्या, वळणाऱ्या किंवा ओढणाऱ्या माणसाला तुच्छ लेखणे योग्य होणार नाही.

आपल्या लासलगावचेच उदाहरण घेऊ. येथील बाजार समिती १९४७ सालची, आणि कांद्याची बाजारपेठ म्हणून गावाचे नाव देशभर झाले. ज्यांनी ही बाजारपेठ जवळून पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की, येथे कष्ट जितके आहेत तितकेच थांबणेही आहे. शेतकरी पहाटे ट्रॅक्टर रांगेत लावतो आणि लिलाव आपल्या ट्रॉलीपर्यंत येण्याची वाट पाहतो. हमाल गाडी लागण्याची वाट पाहतो. भाव पडला तर बोलावयास काही नसते, चढला तर आनंद करावयास सोबती हवा असतो. या प्रत्येक रिकाम्या घटकेत विडी बसते. ती स्वस्त आहे, एकाच्या काडीवर तिघांच्या पेटतात, आणि ‘घे’ म्हणून पुढे केलेली विडी ही ओळखीची खूण असते. विडी सोडावयाची म्हणजे केवळ धूर सोडावयाचा नाही, तर दिवसातल्या या घटका आणि ही संगत यांची नवी मांडणी करावयाची. सोडणे अवघड का जाते, याचे अर्धे उत्तर येथे आहे.

आणखी एक समजूत येथेच दूर केली पाहिजे. विडी लहान, तीत तंबाखू चिमूटभर, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा आरपार जात नाही. विडी विझू नये म्हणून झुरके वारंवार व जोराने घ्यावे लागतात. त्यामुळे तंबाखू कमी असूनही निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सिगारेटइतकाच, किंबहुना अधिक, शरीरात जातो. डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील सुमारे एक लाख लोकांची १९९० च्या दशकात नोंद करून पुढे कित्येक वर्षे त्यांचा मागोवा घेतला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३७ टक्क्यांनी, तर विडी ओढणाऱ्यांत ६४ टक्क्यांनी अधिक आढळले.

२. धूर हृदयाचे काय करतो?

हृदय हा एक स्नायू आहे. दिवसाकाठी तो सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो. साऱ्या शरीराला रक्त पुरविणाऱ्या या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते, व ते त्याला त्याच्याच अंगावरून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून मिळते.

आपल्या निफाड तालुक्यात द्राक्षबागांमुळे ठिबक सिंचन कोणाला नवे नाही. पाण्यातील क्षार नळीत आतून साचत जातात आणि एक दिवस शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. रक्तवाहिनीतही चरबीचा थर असाच हळूहळू साचतो. पण नळी आणि रक्तवाहिनी यांत एक मोठा फरक आहे, आणि पुढील सर्व विवेचन त्यावरच अवलंबून आहे. रक्तवाहिनी जिवंत असते. तिच्या आतल्या बाजूस एक नाजूक अस्तर असते. चरबीच्या थरावरचे हे अस्तर फाटले म्हणजे शरीराला तेथे जखम झाली असे वाटते, आणि जखम बुजविण्यासाठी रक्त गोठते. ती गुठळी वाहिनीचे तोंड बंद करते. याला आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो. कित्येकदा थर फार जाड नसतानाही झटका येतो, तो या गुठळीमुळे.

विडीचा धूर येथे चार प्रकारे घात करतो. एक, तो या अस्तराला इजा करतो. दोन, तो रक्त चिकट करतो, म्हणजे गुठळी लवकर बनते. तीन, निकोटीनमुळे नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो, हृदयाचे काम वाढते. चार, कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. म्हणजे काम वाढले त्याच वेळी शिधा कमी झाला. यांपैकी साचलेला थर वर्षानुवर्षांचा आहे हे खरे. पण रक्ताचा चिकटपणा, नाडी आणि विषारी वायू या गोष्टी आजच्या विडीच्या आहेत. कार्बन मोनॉक्साइड तर विडी बंद केल्यावर एक-दोन दिवसांतच रक्तातून निघून जातो. ‘व्हायचं ते होऊन गेलं’ हे म्हणणे म्हणूनच अर्धेच खरे आहे.

३. सोडण्याचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल या संशोधकांनी १९५१ साली तेथील डॉक्टरांनाच त्यांच्या धूम्रपानाविषयी प्रश्न विचारले आणि पुढे पन्नास वर्षे त्यांचा मागोवा घेतला. २००४ साली जाहीर झालेल्या निष्कर्षाप्रमाणे आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी गेले. पण ज्यांनी साठाव्या वर्षी सोडली त्यांना त्यांतील सुमारे तीन वर्षे परत मिळाली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना नऊ. उशीर झाला म्हणजे लाभ कमी होतो; तो शून्य होत नाही. डॉल स्वतःही पूर्वी धूम्रपान करीत व आपल्या संशोधनाच्या काळातच त्यांनी ते सोडले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कोणी म्हणेल, ते डॉक्टर धडधाकट होते. ज्याला हृदयविकार झालाच आहे त्याचे काय? २००३ साली क्रिचली व केपवेल या संशोधकांनी हृदयरोग्यांविषयीचे वीस अभ्यास एकत्र करून तपासले. निदानानंतर ज्यांनी धूम्रपान सोडले त्यांच्यात, न सोडणाऱ्यांपेक्षा, मृत्यूचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळले. रोज डब्यात भरून ठेवतो त्या औषधांच्या पंक्तीत बसेल असा हा उपाय आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत, उलट वाचतात.

भारतात जन्मलेले डॉ. सलीम यूसुफ यांच्या पुढाकाराने बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातही हेच दिसले. धूम्रपान करणाऱ्यांत पहिल्या झटक्याचा धोका सुमारे तिप्पट, नुसती विडी ओढणाऱ्यांतही जवळजवळ तितकाच. सोडल्यानंतर तीन वर्षांच्या आतच तो तिपटीवरून दुपटीच्याही खाली आला. ओढण्यात तीस वर्षे गेली म्हणून सावरायलाही तीस वर्षे लागतील, असे नाही.

४. कमी करून भागते का?

‘एकदम नको, हळूहळू कमी करतो, दिवसाला दोनच ओढीन’ हा तोडगा आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय आहे. बंडलावरून दोन विड्यांवर आलेल्या माणसाला आपण खूप काही साधले असे वाटते, व त्याची इच्छाशक्ती खोटी नसते. परंतु हृदयाचे गणित सरळ त्रैराशिकाचे नाही. २०१८ साली हॅकशॉ व सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचा मेळ घालून दाखविले की, दिवसाला वीस सिगारेट ओढल्याने हृदयविकाराचा जो जादा धोका निर्माण होतो, त्याचा जवळपास अर्धा भाग दिवसाला एका सिगारेटनेही होतो. म्हणजे एकोणीस सोडल्या तरी निम्मे संकट शिल्लकच. कमी करणे ही सोडण्याची पायरी म्हणून ठीक आहे, मुक्काम म्हणून नाही. त्या पायरीवर किती दिवस थांबावयाचे, याची तारीख ठरलेली असावी.

दुसरा तोडगा म्हणजे विडीऐवजी तंबाखू मळणे किंवा मिश्री लावणे. आपल्या राज्याला हा धोका विशेष आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरीत होते, पण धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. बाकी सारा तंबाखू तोंडात. चुन्याची डबी शेजारच्याकडे सहज मिळते आणि घरच्यांनाही ‘निदान बिडी तरी सुटली’ असे वाटते. परंतु ‘इंटरहार्ट’मध्ये तंबाखू खाणाऱ्यांतही झटक्याचा धोका दुपटीहून अधिक, आणि ओढणे व खाणे दोन्ही करणाऱ्यांत चौपट आढळला. घर बदलले तरी भाडेकरू तोच राहिला, असा हा प्रकार आहे.

५. निदानानंतरचे मन

आतापर्यंतचे विवेचन आकड्यांचे झाले. पण आकडे कळले म्हणून माणूस विडी टाकतो असे नाही. निदान झालेल्या माणसाच्या मनात काय चालते, याचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि येथे मला घरचा अनुभव सांगणे भाग आहे.

माझे वडील बाजारात हमाली करतात. आम्ही त्यांना नाना म्हणतो. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखले, दोन दिवस ‘गॅस आहे’ म्हणून अंगावर काढले, आणि शेवटी नाशिकला न्यावे लागले. एका वाहिनीत अडथळा निघाला व तेथे स्प्रिंग बसविली. घरी सोडताना जो कागद मिळाला तो इंग्रजीत होता. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे तो वाचून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. त्यावर गोळ्यांची नावे ओळीने होती, आणि अगदी शेवटी दोनच शब्द : ‘स्टॉप स्मोकिंग’. गोळी कधी घ्यावयाची, जेवणाआधी की नंतर, हे सर्व लिहिले होते. विडी कशी सोडावयाची, हे लिहिलेले नव्हते. हा लेख लिहावयास घेतला तो त्या दोन शब्दांचा अर्थ शोधण्यासाठी.

मी जे पाहिले ते असे. पहिले काही दिवस भीतीचे असतात, आणि भीतीच्या जोरावर विडी आपोआप सुटते. मग अंगात ताकद येते, लोक भेटावयास येतात, आणि लाज सुरू होते. जो येतो तो ‘सांगत होतो ना बिडी सोड म्हणून’ असे म्हणतो. आजाऱ्याला आपण रुग्ण नसून आरोपी आहोत असे वाटू लागते. नाना एकदा म्हणाले, “मला दुखतंय त्याचं कुणाला नाही, मी ओढली त्याचंच समद्यांना.” लाजेतून लपवणे येते, आणि लपवून ओढलेली विडी सुटत नाही, कारण तिच्याविषयी कोणाशी बोलता येत नाही. लाजेनंतर येते ती उदासीनता. झोप नाही, जेवणावर मन नाही, काम बंद म्हणून घरात ओझे झाल्याची भावना. हृदयविकारानंतर अशी उदासीनता पुष्कळांना येते व ती आजार बरा होण्याच्या आड येते. ती दुबळेपणाची खूण नव्हे. डॉक्टरांना छातीतल्या दुखण्याइतक्याच मोकळेपणाने सांगण्याची ती गोष्ट आहे.

शरीरही आपला हिशेब मागते. निकोटीन बंद झाल्यावर पहिले तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, डोके जड, भूक जास्त, पोट साफ न होणे असा त्रास दोन ते चार आठवडे राहतो आणि मग ओसरतो. हे आधी ठाऊक असले तर माणूस ‘बिडी सोडल्यानंच मला बरं वाटत नाही’ असा उलटा अर्थ काढत नाही. तलफ येते ती थोड्या मिनिटांची असते. लाटेसारखी येते आणि जाते. तेवढा वेळ पाणी पिणे, उठून चालणे, बडीशेप चघळणे, कोणाशी बोलणे हे साधे उपाय उपयोगी पडतात. ज्यांना याने भागत नाही त्यांच्यासाठी निकोटीनचा च्युइंगम व इतर औषधे आहेत. मात्र हृदयरोग्याने ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी शासनाची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. तंबाखूच्या पुड्यांवरही हा क्रमांक छापलेला असतो. पण पुडा फोडण्याच्या घाईत तो वाचतो कोण!

६. घरच्यांनी काय करावे?

अनुभवावरून व वाचनावरून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

(अ) पाहुण्यांदेखत विडीचा विषय काढू नये. जे विचारावयाचे ते एकट्याने, एकदाच विचारावे.

(आ) घटका बदलाव्यात. आमच्याकडे सकाळचा चहा आणि विडी ही जोडी होती. आईने चहा आधी न देता चालून आल्यावर देणे सुरू केले. डॉक्टरांनी सांगितलेले चालणेही त्यात होऊन गेले.

(इ) घरात इतर कोणी ओढत असेल तर त्याने निदान घरात ओढू नये. दुसऱ्याचा धूरही हृदयाला बाधतो, आणि वासाने तलफ जागी होते.

(ई) ठणठणीत वाटते म्हणून गोळ्या बंद करू देऊ नयेत. विशेषतः स्प्रिंग बसविल्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता सोडणे जिवावर बेतू शकते.

(उ) पुन्हा छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम अशी लक्षणे दिसली तर ‘गॅस’ म्हणून वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. २०१४ पासून ही सेवा आपल्या राज्यात आहे. खर्चाच्या धास्तीनेही थांबू नये. अँजिओप्लास्टी व हृदयाच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट आहेत. त्यासाठी रेशनकार्ड, आधारकार्ड ही कागदपत्रे घरात एका ठिकाणी ठेवावीत.

(ऊ) मध्येच एखादी विडी ओढली गेली तर सर्व संपले असे मानू नये. पुष्कळांची विडी पहिल्याच प्रयत्नात सुटत नाही. दिवाळीनंतर बाजार उघडला त्या दिवशी नानांच्या जुन्या सोबत्याने विडी पुढे केली आणि त्यांनी ती घेतली. संध्याकाळी त्यांनी होऊनच आईला सांगितले. आई एवढेच म्हणाली, “बरं. उद्यापासून पुन्हा मोजू.” मला वाटते, ती ओरडली असती तर पुढची विडी त्यांनी सांगितली नसती. आता ते ओझे उचलत नाहीत, वजनकाट्याजवळचे हलके काम करतात. मजुरी कमी झाली आहे, हे खरे. विडीचे पैसे वाचतात ते त्या तुटीला पुरत नाहीत, हेही खरे. पण माणूस घरात आहे.

७. उपसंहार

सारांश, विडीने हृदयाचे केलेले नुकसान दोन प्रकारचे आहे. एक मागचे, जे पूर्णपणे पुसता येत नाही. आणि एक रोजचे, जे आजच्या विडीबरोबर घडते व ती थांबताच थांबू लागते. पुढच्या झटक्याचा धोका या दुसऱ्या नुकसानीवरही अवलंबून असतो. म्हणून ‘आता सोडून काय उपयोग?’ या प्रश्नाचे उत्तर असे की, विडी सोडण्याचा लाभ हृदयरोग्याला दोन-तीन वर्षांतच दिसू लागतो. सोडण्याची सर्वांत अधिक गरज आणि सर्वांत लवकर मिळणारे फळ, दोन्ही त्याच्याच वाट्याला आहेत.

आपल्या महाविद्यालयात येणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरी विडी आहे. दवाखान्याचा कागद वाचण्याचे काम आज ना उद्या आपल्याकडेच येणार आहे. त्यावरील शेवटची ओळ वाचताना ती आज्ञेसारखी वाचू नये. ती औषधाच्या ओळीसारखी वाचावी : कधी, कसे, कोणाच्या मदतीने, हे सर्व समजावून सांगत. शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने घरासाठी एवढे तरी करावे.